फेऱ्यातील फेरा

पाढे तुम्ही सर्वांनीच म्हटले आहेत. उर्दूत आपण त्यांना पहाडे म्हणतो. समजा, तुम्हांला २ पासून १० पर्यंतचे पाढे म्हणायचे आहेत. तुम्ही काय कराल? प्रथम २ चा पाढा घ्याल. ‘बे एके बे’ पासून ‘बे दाहे वीस’ पर्यंत दहा ओळी म्हणाल. मग ३ चा पाढा घ्याल. त्याच्याही दहा ओळी म्हणाल. असे करत करत १० च्या पाढ्यापर्यंत जाल. एकूण पाढे ९, प्रत्येकाच्या ओळी १०, म्हणजे ९० ओळी झाल्या.

आता जरा बारकाईने पाहा. येथे एकाच वेळी दोन गोष्टी फिरत आहेत. एक म्हणजे पाढ्याचा अंक. तो २, ३, ४ असा सावकाश पुढे जातो. दुसरी म्हणजे ओळीचा अंक. तो १ ते १० असा भराभर जातो आणि नवा पाढा सुरू झाला की पुन्हा १ वर येतो. बाहेरचा अंक एक पाऊल पुढे टाकतो, तेवढ्यात आतला अंक दहा पावले चालून येतो. घड्याळातही असेच घडते. तासकाटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाईपर्यंत मिनिटकाटा ६० मिनिटांची पूर्ण फेरी करतो.

संगणकालाही असे काम सांगता येते. संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या क्रमवार यादीला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. एकच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल, तर तीच आज्ञा शंभर वेळा लिहीत बसावे लागत नाही. “हे काम अमुक वेळा कर” किंवा “अमुक अट खरी आहे तोपर्यंत कर” असे एकदाच लिहिले की पुरते. अशा रचनेला लूप म्हणतात. आपण तिला फेरा म्हणू. फेऱ्यातील प्रत्येक वेळच्या कामाला फेरी म्हणू. पाढ्यांप्रमाणे एका फेऱ्याच्या पोटात दुसरा फेरा असेल, तर तो फेऱ्यातील फेरा झाला.

वर ‘अट’ हा शब्द आला. उर्दूत आपण जिला शर्त म्हणतो, तीच ही अट. ‘अटी व शर्ती’ हे शब्द मराठी कागदपत्रांत जोडीने छापलेले तुम्ही पाहिले असतील. दोन भाषांतील हे दोन शब्द तेथे शेजारी शेजारी बसले आहेत.

ठरलेल्या पायऱ्यांनी काम पूर्ण करण्याच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. या शब्दाचे मूळ ऐकून तुम्हांला आनंद वाटेल. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचे थोर गणिती होऊन गेले. हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा, हे त्यांनी एका ग्रंथात समजावून सांगितले होते. तो ग्रंथ पुढे लॅटिन भाषेत गेला. तेथे त्यांच्या नावाचा उच्चार बदलत गेला आणि त्यातून अल्गोरिदम हा शब्द तयार झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फेऱ्यात शिरणे सोपे आहे. काम झाल्यावर त्यातून वेळेवर आणि योग्य ठिकाणी बाहेर कसे पडायचे? एक उदाहरण घेऊ.

एका ग्रंथालयात १० कपाटे आहेत. प्रत्येक कपाटात ५० पुस्तके आहेत. म्हणजे एकूण ५०० पुस्तके झाली. तुम्हांला एक पुस्तक शोधायचे आहे. कोणते पुस्तक कोठे आहे याची यादी नाही. तेव्हा पहिल्या कपाटापासून एक एक पुस्तक पाहत जाणे, हाच मार्ग उरतो. हे काम संगणकाला पुढीलप्रमाणे सांगता येईल :

कपाट १ पासून १० पर्यंत जा :
    पुस्तक १ पासून ५० पर्यंत जा :
        जर हेच पुस्तक हवे असेल, तर त्याची जागा लिहून ठेव.

समजा, ते पुस्तक तिसऱ्या कपाटात विसावे आहे. संगणकाने जागा लिहून घेतली. पण थांबायचे कोणीच सांगितलेले नाही, म्हणून तो पुढे चालूच राहील. दहाव्या कपाटातील शेवटचे पुस्तक पाहूनच थांबेल. एकूण ५०० पुस्तके पाहील. संगणकाला कंटाळा येत नाही आणि अंदाजही करता येत नाही. आपण सांगू तेवढेच तो करतो.

फेऱ्यातून मध्येच बाहेर पडण्यासाठी अनेक संगणकीय भाषांत ‘ब्रेक’ ही आज्ञा असते. हा ब्रेक म्हणजे गाडीचा ब्रेक नव्हे. आपण दोन्ही शब्द सारखेच लिहितो व म्हणतो, पण इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. गाडीचा ब्रेक वेग कमी करतो. या ब्रेकचा अर्थ ‘तोडणे’ असा आहे. तो चालू असलेला फेरा तोडतो आणि संगणकाला त्या फेऱ्यानंतरच्या आज्ञेवर नेतो.

मग आपण वरच्या आज्ञावलीत ‘जागा लिहून ठेव’ याच्यापुढे ‘ब्रेक’ लिहिले. आता संगणक लगेच थांबेल का? नाही! ब्रेक फक्त एकच फेरा तोडतो, आणि तोही ज्याच्या पोटात ब्रेक लिहिला आहे असा सर्वांत जवळचा फेरा. येथे जवळचा फेरा पुस्तकांचा आहे. तो तुटला. पण कपाटांचा फेरा शाबूत आहे. म्हणून संगणक तिसरे कपाट सोडील आणि चौथ्या कपाटापुढे जाऊन पुन्हा पहिल्या पुस्तकापासून शोधू लागेल.

याचा हिशेब करून पाहू. पहिल्या दोन कपाटांतील १०० पुस्तके आणि तिसऱ्यातील २० पुस्तके मिळून १२० झाली. खरे तर येथेच काम संपले. पण पुढची ७ कपाटे बाकी आहेत. त्यांतील ३५० पुस्तकेही संगणक पाहील. एकूण ४७० झाली. म्हणजे ब्रेक नसताना ५००, आतल्या फेऱ्यात ब्रेक असताना ४७० आणि दोन्ही फेऱ्यांतून बाहेर पडलो तर केवळ १२०.

तुम्ही म्हणाल, “संगणक तर फार वेगवान आहे. ३५० पुस्तके जास्त पाहिली, तर काय बिघडले?” वेळ थोडा जाईल हे खरे. पण कधी कधी उत्तरच चुकते. समजा, त्याच पुस्तकाची दुसरी जुनी प्रत आठव्या कपाटात आहे. तुम्हांला पहिली प्रत हवी होती. ती सापडल्यावर संगणकाने ‘तिसरे कपाट, विसावे पुस्तक’ असे लिहून ठेवले. मग तो पुढे गेला. आठव्या कपाटात पुन्हा तेच पुस्तक दिसले, तेव्हा त्याने आधीची जागा पुसून नवी लिहिली. शेवटी तुमच्या हाती आठव्या कपाटाची जागा आली. आज्ञावली न अडखळता चालली, कोठेही दोष दाखवला नाही, पण उत्तर मात्र चुकीचे मिळाले. असा दोष शोधून काढणे फार कठीण असते.

ब्रेक आपल्याला नेमका कोठून बाहेर काढतो, हे नीट न कळल्यास किती मोठा घोटाळा होतो, हे १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत दिसून आले. त्या दिवशी दुपारी ए. टी. अँड टी. या कंपनीची दूर अंतराची टेलिफोन सेवा कोलमडली. न्यूयॉर्कमधील एका केंद्रात लहानसा बिघाड झाला. त्या केंद्राने काही सेकंद काम थांबवून स्वतःला ठीक केले आणि पुन्हा काम सुरू केले. त्याचे संदेश शेजारच्या केंद्रांकडे गेले. दोन संदेश एका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी अंतराने पोहोचले, की शेजारचे केंद्र गोंधळून बंद पडे. तेही स्वतःला ठीक करी व पुन्हा संदेश पाठवी. मग त्याचे शेजारी बंद पडत. अशा रीतीने हा गोंधळ देशभरातील ११४ केंद्रांत पसरला. रात्री केंद्रांमधील संदेशांचा भार कमी केल्यावर हे जाळे स्थिरावले. सुमारे ९ तास दूरवर फोन करणाऱ्या असंख्य लोकांना फोन लागत नव्हता.

पुढे तपास झाला. त्या केंद्रांत काही आठवड्यांपूर्वी, डिसेंबर १९८९ मध्ये, नवी आज्ञावली घातली होती. ती सी या भाषेत लिहिलेली होती. तिच्यात एक फेरा होता. फेऱ्याच्या पोटात ‘स्विच’ नावाची रचना होती. आलेला संदेश कोणत्या प्रकारचा आहे हे पाहून ही रचना त्याप्रमाणे काम निवडते. तिच्या पोटात जर-तरची अट होती आणि त्या अटीत ब्रेक होता. सी भाषेतील ब्रेक फेऱ्यातून किंवा स्विचमधून बाहेर काढतो. जर-तरच्या अटीला तो ओळखत नाही. म्हणून ब्रेकने केवळ अटीच्या बाहेर न नेता थेट स्विचच्याच बाहेर नेले. आलेल्या संदेशावर जे काम व्हायला हवे होते, ते राहून गेले. पुढच्या आज्ञा मात्र ते काम झाले असे धरून चालल्या आणि त्यांनी महत्त्वाच्या माहितीवर भलतेच काही लिहिले. एक शब्द! तोही शुद्ध लिहिलेला! फक्त त्याची जागा चुकली होती.

आता फेऱ्यातील फेऱ्यातून एकदम बाहेर कसे पडायचे ते पाहू. याचे काही मार्ग आहेत.

पहिला मार्ग खुणेचा आहे. संगणकाच्या भाषेत या खुणेला फ्लॅग, म्हणजे झेंडा, म्हणतात. शोध सुरू करण्यापूर्वी ‘सापडले’ या नावाची एक खूण ठेवायची आणि तिची किंमत ‘नाही’ अशी लिहायची. पुस्तक मिळाले की ती ‘होय’ करायची आणि ब्रेक द्यायचा. आतला फेरा संपला की बाहेरच्या फेऱ्यात लगेच खूण तपासायची. ती ‘होय’ असेल, तर दुसरा ब्रेक द्यायचा. तो असा :

सापडले = नाही
कपाट १ पासून १० पर्यंत जा :
    पुस्तक १ पासून ५० पर्यंत जा :
        जर हेच पुस्तक हवे असेल, तर
            जागा लिहून ठेव;
            सापडले = होय;
            ब्रेक
    जर सापडले = होय, तर ब्रेक

दोन फेरे आणि दोन ब्रेक. हा मार्ग जवळजवळ सर्व भाषांत चालतो. मात्र खुणेची तपासणी आतला फेरा संपल्याबरोबर करावी. समजा, प्रत्येक कपाट पाहून झाल्यावर ‘या कपाटात पुस्तक नाही’ अशी नोंद करायची आहे. ही नोंद तपासणीच्या आधी लिहिली, तर ज्या कपाटात पुस्तक सापडले, त्यावरही ‘नाही’ अशीच नोंद होईल. आणखी एक सूचना लक्षात ठेवा. ‘सापडले = नाही’ ही ओळ दोन्ही फेऱ्यांच्या बाहेर व आधी असावी.

दुसरा मार्ग नाव देण्याचा आहे. फेरे दोन असतील आणि ब्रेकला कोणता तोडायचा हे कळत नसेल, तर बाहेरच्या फेऱ्याला नाव द्यावे आणि ‘ब्रेक’ या शब्दापुढे ते नाव लिहावे. १९९५ मध्ये लोकांपुढे आलेल्या जावा या भाषेत अशी सोय आहे. बाहेरच्या फेऱ्याच्या आधी ‘शोध’ असे नाव लिहून त्यापुढे दोन टिंबे द्यायची. मग आतून ‘ब्रेक शोध’ असे म्हटले की दोन्ही फेरे एकदम तुटतात. गो, रस्ट आणि कॉटलिन या भाषांतही नावाने फेरा तोडता येतो. येथे नवशिक्यांचा एक गैरसमज होतो. नाव फेऱ्याच्या आरंभी लिहिलेले असते, म्हणून त्यांना वाटते की संगणक पुन्हा आरंभी जाईल. तसे होत नाही. त्या नावाचा फेरा जेथे संपतो, त्याच्यापुढे तो जातो.

पीएचपी या भाषेत नावाऐवजी आकडा देतात. ‘ब्रेक २’ म्हटले की जवळचे दोन फेरे तुटतात. हे लिहायला सोपे आहे. पण पुढे कोणी मध्ये आणखी एक फेरा घातला, तर २ चा ३ करायला हवा. ते विसरले की चूक झालीच. नाव दिलेले असेल, तर ही भीती राहत नाही.

तिसरा मार्ग उडी मारण्याचा आहे. सी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. तिच्यात फेऱ्याला नाव देऊन तो तोडण्याची सोय मुळात नव्हती. पण ‘गोटू’ ही आज्ञा होती. ‘तेथे जा’ असा तिचा अर्थ. तिच्या साहाय्याने कितीही खोल फेऱ्यांतून एका उडीत बाहेर पडता येते. मात्र ही आज्ञा जपून वापरावी लागते. हॉलंडचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांचे एक पत्र मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि फार गाजले. आज्ञावलीत जागोजागी अशा उड्या असल्या की वाचणाऱ्याला तिचा क्रम समजत नाही, म्हणून ही आज्ञा घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९७४ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी एक लेख लिहून दाखवून दिले, की काही थोड्या ठिकाणी गोटूचा उपयोग योग्य ठरतो. खोल फेऱ्यातून बाहेर पडणे हे अशांपैकीच एक ठिकाण मानले जाते.

चौथा मार्ग काम वेगळे काढण्याचा आहे. तो अनेक जाणकारांना सर्वांत नीटनेटका वाटतो. पुस्तक शोधण्याचे सारे काम एका स्वतंत्र लहान आज्ञावलीत ठेवायचे. तिला फंक्शन म्हणतात. समजा, तिचे नाव ‘पुस्तक शोध’ आहे. पुस्तक सापडले की या फंक्शनने ‘रिटर्न’ ही आज्ञा देऊन त्याची जागा परत द्यायची. रिटर्न म्हणजे परत जाणे. उत्तर घेऊन परत निघालेला माणूस वाटेत थांबत नाही. त्याचप्रमाणे रिटर्न दिले की फंक्शनच संपते आणि त्यातील सर्व फेरेही आपोआप संपतात. मग फेरे दोन असोत की पाच. फेरे पूर्ण होऊनही पुस्तक मिळाले नाही, तर शेवटी ‘सापडले नाही’ असे उत्तर परत द्यायचे.

पायथॉन या भाषेची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. ही भाषा गिडो व्हॅन रोसम यांनी घडवली व ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नावाने फेरा तोडण्याची सोय असावी, असा प्रस्ताव २००७ मध्ये मांडला गेला. व्हॅन रोसम यांनी तो मान्य केला नाही. अशी सोय खरोखर लागेल इतके गुंतागुंतीचे काम क्वचितच असते, आणि पुष्कळदा ते काम फंक्शनमध्ये ठेवून रिटर्न दिल्यास आज्ञावली स्वच्छ राहते, असे त्यांचे मत होते.

पाचवा मार्ग गणिताचा आहे. दोन फेऱ्यांचा एकच फेरा करायचा! ५०० पुस्तकांना ० पासून ४९९ पर्यंत क्रमांक देऊ. आता कोणत्याही क्रमांकाला ५० ने भागले, तर भागाकारावरून कपाट कळते आणि बाकीवरून पुस्तक कळते. क्रमांक ११९ घ्या. ११९ भागिले ५०, भागाकार २ आणि बाकी १९. मोजणी ० पासून सुरू केल्यामुळे दोन्हींत १ मिळवू. तिसरे कपाट, विसावे पुस्तक! फेरा एकच असल्यामुळे एकच ब्रेक पुरतो. पण प्रत्येक कपाटातील पुस्तके सारखी असतील, तरच ही युक्ती चालते, हे विसरू नका.

मग यांतील कोणता मार्ग घ्यावा? तुमच्या भाषेत जी सोय असेल, तिच्यावर ते अवलंबून आहे. काम वेगळे काढता येत असेल, तर फंक्शन करावे. ते जमत नसेल आणि नावाची सोय असेल, तर नाव द्यावे. काहीच नसेल, तर खूण आहेच. मार्ग कोणताही घ्या, पण ब्रेक लिहिताना हाताने थांबून स्वतःला दोन प्रश्न विचारा : “हा ब्रेक कोणाच्या पोटात आहे? आणि तो मला कोठे नेऊन सोडील?” कागदावर दोन कपाटे आणि तीन-तीन पुस्तके काढा. त्यावर बोट ठेवून आज्ञावली स्वतः चालवून पाहा. पुस्तक पहिले असेल तर काय होते, शेवटचे असेल तर काय होते आणि मुळीच नसेल तर काय होते, हे तपासा. एवढे करायला पाच मिनिटे लागतात आणि त्यासाठी संगणकाचीही गरज नाही. कागद, पेन्सिल आणि सावध मन पुरे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फेऱ्यातील फेरा म्हणजे काय?
(आ) ब्रेक ही आज्ञा कोणता फेरा तोडते?
(इ) अल्गोरिदम हा शब्द कोणाच्या नावावरून तयार झाला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जानेवारी १९९० मध्ये टेलिफोन सेवा का कोलमडली?
(आ) ‘ब्रेक २’ लिहिण्यापेक्षा फेऱ्याला नाव देणे अधिक सुरक्षित का आहे?

३. एका मोहल्ल्यात ८ गल्ल्या आहेत. प्रत्येक गल्लीत २५ घरे आहेत. टपालवाल्याला हवे असलेले घर चौथ्या गल्लीत दहावे आहे. मुळीच ब्रेक नसेल, फक्त आतल्या फेऱ्यात ब्रेक असेल आणि दोन्ही फेऱ्यांतून बाहेर पडला, तर प्रत्येक वेळी तो किती घरे पाहील?

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अट, फेरी, शाबूत, कोलमडणे, जपून.

५. तुमच्या घरी किंवा परिसरात ‘फेऱ्यातील फेरा’ दिसणारे एखादे काम शोधा आणि त्याविषयी पाच ओळी मराठीत लिहा.